ताटाची डावी बाजू

काकांनी कोशिंबीर खाल्लीच नव्हती. चटणीला बोट लागलं नव्हतं, लिंबाची फोड जागच्या जागी. भाजी, आमटी, पोळी मात्र चाटूनपुसून संपवलेली. काकू म्हणाल्या, "एवढ्या दुखण्यातून उठलेत, तोंडाची चव गेली असेल." मी ताट उचललं, अर्धं फिरवलं आणि पुन्हा त्यांच्यासमोर ठेवलं. काकांनी कोशिंबिरीकडे पाहिलं आणि विचारलं, "ही आत्ता वाढलीस का?"

आपल्याकडे ताट वाढायची रीत ठरलेली आहे. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर डाव्या हाताला. भाज्या आणि आमटी उजव्या हाताला. काका फक्त उजवं ताट जेवत होते. सहा आठवड्यांपूर्वी त्यांच्या मेंदूच्या उजव्या भागातली रक्तवाहिनी बंद पडली होती, म्हणजे स्ट्रोक आला होता. हात सुधारला, पाय सुधारला, काठीशिवाय चालायला लागले, बोलणं तर पहिल्यापासून स्वच्छ. घरच्यांनी देवाला नारळ वाढवला. ताटाची, दाराची, वर्तमानपत्राच्या पानाची डावी बाजू त्यांच्यासाठी नाहीशी झाली आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या तर नाहीच.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. स्ट्रोकनंतर माणूस अंघोळ, जेवण, स्वयंपाक, हिशेब, प्रवास या रोजच्या गोष्टींकडे परत कसा जाईल ते बघणं हे माझं काम. या कामात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. 'अंगावरून वारं गेलं' असं आपण म्हणतो आणि नजर अंगावरच राहते. वाकडं झालेलं तोंड, उचलत नसलेला हात, ओढत चाललेला पाय. हे सगळं डोळ्यांना दिसतं, म्हणून त्याची चौकशी होते, व्यायाम होतात. लक्ष देणं, आठवणं, ठरवणं, मोजणं, शब्द शोधणं यांतलं काय बिघडलंय ते मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२३च्या निवेदनानुसार स्ट्रोकनंतरच्या पहिल्या वर्षात ६० टक्क्यांपर्यंत रुग्णांमध्ये असा काही ना काही बिघाड आढळतो. म्हणजे घरी परतलेल्या दहा जणांपैकी सहा जणांपर्यंत.

हा शोध घेण्यासाठी जी छोटी तपासणी करतात तिला स्क्रीनिंग म्हणतात. मराठीत 'चाळणी' हा शब्द मला त्यासाठी फार बरोबर वाटतो. चाळणीने पीठ सिद्ध होत नाही, फक्त कशाकडे पुन्हा बघायचं ते वर राहतं. दहा-वीस मिनिटांची ही तपासणी निदान करत नाही. कुणाला मानसशास्त्रज्ञाकडे किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे सविस्तर तपासणीसाठी पाठवायचं एवढं ती सांगते. त्यामुळे 'टेस्टमध्ये कमी मार्क पडले म्हणजे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झाला' असं समजून घरात रडारड सुरू होते तेव्हा मला फार वाईट वाटतं. कुणीतरी दोन मिनिटं बसून हा फरक सांगायला हवा होता.

चाळणी रव्याची वेगळी असते आणि मैद्याची वेगळी. इथेही तसंच आहे. जगभर सर्वांत जास्त वापरली गेलेली चाचणी म्हणजे एमएमएसई (मिनी-मेंटल स्टेट एग्झामिनेशन). फोलस्टीन पती-पत्नी आणि मॅकह्यू यांनी ती १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. ३० गुण, त्यातला मोठा वाटा तारीख-वार-ठिकाण, शब्द लक्षात ठेवणं आणि भाषा यांना. अल्झायमरमध्ये आधी स्मृती जाते, तिथे ती उपयोगी पडते. स्ट्रोकमध्ये पुष्कळदा स्मृती बरी राहते आणि विचारांचा वेग, लक्ष, कामांची आखणी यांवर घाव बसतो. त्यासाठी या चाळणीची भोकं मोठी आहेत. ३० पैकी २८ गुण मिळवून घरी गेलेला माणूस चहा करायला उभा राहतो, दूध तापवतो, साखर घालतो, गॅस बंद करतो आणि पावडर घालायची राहिली हे कप हातात आल्यावरही त्याला कळत नाही. पावडर म्हणजे काय हे तो विसरलेला नाही. एकामागून एक पायऱ्या लावून काम तडीस नेणारा मुकादम आजारी आहे.

हा मुकादम बऱ्याच अंशी मेंदूच्या पुढच्या भागात बसतो, पण त्याच्या तारा खोलवर पसरलेल्या असतात. रक्तदाब आणि साखरेमुळे आतल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब होत असतात, तेव्हा याच तारा झिजतात. म्हणून छोट्या स्ट्रोकनंतरही माणूस 'मंद' झाल्यासारखा वाटतो.

२००५ मध्ये माँट्रियलच्या झियाद नासरेद्दीन यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली मोका (माँट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट) चाचणी इथे जास्त बारीक चाळते. तिच्यात अंक आणि अक्षरं आळीपाळीने जोडायची असतात, घनाची आकृती पाहून काढायची असते, घड्याळ काढून सांगितलेली वेळ दाखवायची असते, पाच शब्द ऐकून काही मिनिटांनी आठवायचे असतात. एकूण गुण ३०. २६ किंवा जास्त असतील तर ठीक, आणि शिक्षण १२ वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण जादा. (त्यातले नेमके शब्द आणि चित्रं मी इथे मुद्दाम देत नाही. बाबांना पाठ करून नेणारी प्रेमळ मुलं मी पाहिली आहेत, आणि मग त्या तपासणीचा बाबांनाच काही उपयोग राहत नाही.)

घड्याळ काढणं ऐकायला किती सोपं वाटतं. पण गोल काढायला हात लागतो, बारा आकडे सारख्या अंतरावर बसवायला जागेचा अंदाज आणि आखणी लागते, आणि 'दहा मिनिटं' म्हटल्यावर काटा १०च्या आकड्याकडे न नेता २च्या आकड्याकडे न्यायला मनातली पहिली ओढ आवरावी लागते. काकांनी काढलेल्या घड्याळात १ ते १२ सगळे आकडे होते, पण सगळे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने कोंबलेले. डावा अर्धा गोल कोरा. कागद माझ्याकडे देताना ते समाधानाने हसले.

याला डॉक्टर 'नेग्लेक्ट' म्हणतात. मेंदूच्या उजव्या भागाला घाव बसला की डोळे शाबूत असूनही डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. नजरेचा अर्धा भाग खरोखर गेलेला माणूस बहुधा काही दिवसांत मान वळवून बघायला शिकतो, कारण काहीतरी दिसत नाहीये हे त्याला जाणवतं. नेग्लेक्टमध्ये ती जाणीवच नसते. १९७८ मध्ये इटलीतल्या बिझियाक आणि लुझात्ती या संशोधकांनी मिलानच्या दोन रुग्णांना शहरातला प्रसिद्ध कॅथेड्रल चौक डोळ्यांसमोर आणायला सांगितला. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात अशी कल्पना करा आणि काय दिसतं ते सांगा. त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग संशोधक म्हणाले, आता कॅथेड्रलच्या दाराशी उभे राहा आणि चौकाकडे बघा. आता मघाशी गाळलेल्या इमारती त्यांनी सांगितल्या, आणि मघाशी सांगितलेल्या गाळल्या. म्हणजे आठवण पूर्ण चौकाची होती, पण कल्पनेतसुद्धा डावी बाजू लक्षाच्या बाहेर पडत होती. मी काकांचं ताट फिरवलं तेव्हा मला हाच चौक आठवत होता.

असा माणूस दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो, डाव्या गालावरची दाढी तशीच ठेवतो, वर्तमानपत्राची ओळ मधूनच वाचायला सुरुवात करतो आणि 'हल्ली काहीही छापतात' म्हणतो. रस्ता ओलांडताना काय होईल ते सांगायला नको. घरचे म्हणतात, हट्टी झालेत, ऐकत नाहीत. 'मला काही झालेलं नाही' हे त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा आजाराचाच भाग असतं, हे एकदा समजलं की घरातली निम्मी भांडणं थांबतात असा माझा अनुभव आहे.

दुसरं टोक म्हणजे डाव्या मेंदूचा स्ट्रोक. बहुतेक माणसांची भाषा डावीकडे असते. तिथे घाव बसला की शब्द सापडत नाहीत किंवा ऐकलेलं नीट उमगत नाही. याला अफेजिया म्हणतात. आता अशा माणसाला तोंडी प्रश्न विचारून, तोंडी उत्तरं घेऊन त्याची स्मृती मोजायची, हे पाय मोडलेल्याची धावण्याची शर्यत लावून त्याचा दमसास मोजण्यासारखं आहे. गुण शून्याजवळ येतात आणि शेरा पडतो, 'आकलन गंभीरपणे बाधित', म्हणजे विचारशक्तीच गेली. वास्तविक अशा एखाद्या बाईंना कोणती सून कधी माहेरी गेली, दुधाचे किती राहिले, सगळं माहीत असतं.

हीच अडचण ओळखून ऑक्सफर्डमध्ये नेले डेमेयेरे आणि सहकाऱ्यांनी खास स्ट्रोकसाठी एक तपासणी तयार केली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केली, ऑक्सफर्ड कॉग्निटिव्ह स्क्रीन. तिच्यात बऱ्याच प्रश्नांना चित्रावर बोट ठेवून उत्तर देता येतं. पर्याय पानाच्या मध्यभागी एकाखाली एक मांडलेले असतात, म्हणजे डावी बाजू हरवलेल्यालाही ते सापडतात. एक पान भरून पत्त्यांतल्या बदामासारख्या आकृत्या असतात, काही अखंड, काहींच्या कडेला फट, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे. फक्त अखंड बदाम खोडायचे. कुणी पानाचा डावा भागच सोडतो, तर कुणी पानभर फिरतो पण प्रत्येक बदामाची डावी फट त्याला दिसत नाही. नेग्लेक्टचे हे दोन वेगवेगळे प्रकार एका पानावर उघड होतात. आणि मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे शेवटी सगळ्याची एकच बेरीज करत नाहीत. भाषा, लक्ष, स्मृती, अंक, हातांच्या कृती यांचा निकाल वेगवेगळा दाखवतात. '३० पैकी १९' या आकड्यावरून घरच्यांना उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. 'भाषा ठीक, आकडे बिघडलेत' असं समजलं तर निदान यूपीआयचा पिन काही दिवस मुलाकडे ठेवता येतो.

या चाचण्या परदेशात, शाळा शिकलेल्या माणसांसाठी बनल्या. ज्या आजींनी आयुष्यात पेन्सिल धरली नाही त्यांच्यापुढे घनाची आकृती ठेवली तर आपण स्ट्रोक मोजत नाही, त्यांना न मिळालेली शाळा मोजतो. आपल्या देशात यावर फार चांगलं काम झालेलं आहे. १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढच्या गावांमध्ये भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासासाठी एमएमएसईचं हिंदी रूप तयार झालं, निरक्षर ग्रामीण वृद्धांना डोळ्यांपुढे ठेवून. १०० मधून ७ वजा करत जाण्याऐवजी २० मधून ३ वजा करणं, आठवड्याचे वार उलटे सांगणं, असे बदल त्यांनी केले. पुढे आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने) अनेक भारतीय भाषांमध्ये चालेल असा चाचण्यांचा संचच उभा केला. मोकाचंही कमी शिकलेल्यांसाठी 'मोका-बेसिक' असं वेगळं रूप आहे.

भाषांतर केलं की काम झालं असंही नाही. इंग्रजी मोकामध्ये एका अक्षरापासून सुरू होणारे शब्द मिनिटभरात सांगायचे असतात. मराठीत 'क' म्हटलं तर 'काकडी' चालेल का? 'केळं'? लिहिणाऱ्याला तो 'क'च आहे, न शिकलेल्याला 'क' नावाची वस्तूच माहीत नाही. त्यापेक्षा एका गटातले शब्द विचारणं मला सोयीचं वाटतं. मिनिटभरात भाज्यांची नावं सांगा. निरोगी माणूस आधी मेथी, पालक, शेपू, चुका, चाकवत अशी पालेभाज्यांची पेंढी सोडतो, ती संपली की दोडका, कारलं, पडवळाच्या वेलावर जातो. एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाणं हेच तपासायचं असतं. स्ट्रोकनंतर काही जण मेथीवर अडकतात. मेथी, पालक, मेथी, आणि मग लांब शांतता.

तारीख विचारण्याचंही तसंच. शेतावर राहणाऱ्या माणसाला १४ की १५ तारीख हे निरोगी असतानाही माहीत नसेल, पण अमावस्या किती दिवसांवर आली आणि बाजार कोणत्या वारी हे पक्कं माहीत असतं. ठरलेल्या चाचणीतले प्रश्न मनाने बदलता येत नाहीत, गुणांना अर्थ राहत नाही. पण चाचणी झाल्यावर अशा चार गोष्टी विचारून वेगळ्या नोंदवायला कुणाची हरकत नसते, आणि चांगला तपासणारा त्या विचारतोच.

भाषेवरून एक अभ्यास सांगायलाच हवा. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये नोंदवलेल्या ६०८ स्ट्रोक रुग्णांचा डॉ. सुवर्णा अलाडी आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्के लोकांची विचारशक्ती स्ट्रोकनंतर व्यवस्थित होती. एकच भाषा बोलणाऱ्यांत हे प्रमाण १९.६ टक्के. अफेजियाचं प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखंच. दोन भाषांमध्ये ये-जा करायची आयुष्यभराची सवय मेंदूला आधार देत असावी, असा त्यांचा अंदाज. सोलापुरात मराठी-कन्नड-तेलुगू, बेळगावात मराठी-कन्नड, पणजीत मराठी-कोकणी बोलणाऱ्यांनी हे वाचून सुखावायला हरकत नाही. तपासणाऱ्यांनी मात्र आणखी एक लक्षात ठेवावं, की तपासणी रुग्णाच्या सर्वांत सवयीच्या भाषेतच व्हायला हवी. बडोद्यात, इंदुरात किंवा लंडनमध्ये मुलाकडे राहणाऱ्या आजींना तिथल्या भाषेत प्रश्न विचारले आणि नातीने कानात भाषांतर केलं, तर ते गुण आजींचे की नातीचे हे सांगता येत नाही.

नातेवाईकांची मदत ही नाजूक गोष्ट आहे. "सांगा ना बाबा, आज गुरुवार नाही का?" हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य अख्खी तपासणी वाया घालवतं. म्हणून मी घरच्यांना बाहेर बसवते आणि मग त्यांच्याशी स्वतंत्र बोलते. कारण त्यांच्याकडे जे आहे ते कुठल्याच चाचणीत नाही: स्ट्रोकच्या आधीचा माणूस. ऑस्ट्रेलियाच्या अँथनी जॉर्म यांनी यासाठी आयक्यूकोड नावाची प्रश्नावली बनवली. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत अलीकडच्या गोष्टी आठवणं, नवीन यंत्र वापरायला शिकणं, पैशांचे व्यवहार यांत काय फरक पडलाय ते जवळच्या माणसाने सांगायचं. छोट्या रूपात १६ प्रश्न. त्यातून कळतं की विसरणं स्ट्रोकने आणलं की ते आधीपासून हळूहळू येत होतं. पेंडलबरी आणि रॉथवेल या संशोधकांनी २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं, की पहिल्या स्ट्रोकच्या रुग्णांपैकी सुमारे १० टक्क्यांना आधीपासूनच डिमेन्शिया असतो, आणखी सुमारे १० टक्क्यांना स्ट्रोकनंतर लवकरच होतो, आणि स्ट्रोक पुन्हा आला तर हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर जातं. या शेवटच्या आकड्यासाठी तरी रक्तदाबाच्या गोळीचा कंटाळा करू नका, मी हात जोडून सांगते.

तपासणी कधी करायची? पहिल्या दोन-चार दिवसांत मिळालेल्या गुणांवर फार विसंबू नये. झोप नसते, ताप असतो, लघवीचा संसर्ग असतो, सोडियम खाली आलेलं असतं, आणि या सगळ्याने रुग्ण काही दिवस भ्रमात जाऊ शकतो. तो भ्रम उतरतो. प्रकृती स्थिरावली की, शक्यतो घरी सोडण्याआधी, एकदा; आणि मग तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान पुन्हा. सुधारणेची शक्यता पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या त्याच निवेदनात म्हटलंय की सौम्य बिघाड असलेल्यांपैकी २० टक्क्यांपर्यंत लोक पूर्ण बरे होतात. चष्मा आणि कानाचं यंत्र सोबत न्या. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण चष्मा घरी राहिला म्हणून गुण गेलेले मी मोजू शकणार नाही इतक्या वेळा पाहिले आहेत.

आणि मन. स्ट्रोकनंतर साधारण तीनपैकी एकाला नैराश्य येतं. उदास माणूस हळू बोलतो, 'नाही आठवत' म्हणून सोडून देतो आणि कागदावर विसराळू ठरतो. म्हणून मनःस्थितीचे प्रश्न त्याच बैठकीत विचारायला हवेत. नैराश्यावर उपचार आहेत.

चाळणीत काही सापडलं तर पुढे काय? बी-१२, थायरॉइड, झोपेत श्वास अडखळणं, गुंगी आणणारी औषधं, या दुरुस्त होण्यासारख्या गोष्टी डॉक्टर आधी बघतात. विचारशक्ती परत आणणारी खात्रीची गोळी आज नाही. तशी विकणाऱ्यांपासून लांब राहा. काम होतं ते रोजच्या जगण्यात. वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी. ओट्यावर चहाच्या पायऱ्यांची चित्रं. एका वेळी एकच सूचना आणि टीव्ही बंद. बँकेचे व्यवहार दोघांनी मिळून. स्कूटर आणि गाडी डॉक्टरांनी स्पष्ट 'चालवा' म्हणेपर्यंत नाही, यावर मात्र तडजोड करू नका.

तुमच्या घरात कुणी नुकतंच स्ट्रोकमधून परतलं असेल तर पुढच्या ओपीडीला एवढंच विचारा: "यांच्या विचारशक्तीची तपासणी झाली आहे का? कोणत्या भाषेत झाली? कशात कमी पडलेत?" तीन प्रश्न. तपासणी झालेली नसेल तर नम्रपणे मागून घ्या. सोबत आठवडाभराच्या नोंदी न्या: काय सांडलं, काय दोनदा विचारलं, कुठे आपटले, काय अर्धवट सोडलं.

काकांच्या वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला आम्ही लाल पट्टी चिकटवायला लागलो. लाल दिसेपर्यंत डोळे डावीकडे न्यायचे आणि मगच ओळ वाचायची. जेवताना काकू त्यांच्या डाव्या हाताला बसायला लागल्या आणि तिकडूनच बोलायच्या. पहिला महिना काही फरक पडल्यासारखं वाटलं नाही, काकूंनी दोनदा नाद सोडला होता. तिसऱ्या महिन्याच्या तपासणीत पानाच्या डावीकडचे बरेच बदाम खोडलेले होते, अगदी कडेचे अजून राहत होते. त्या दुपारी मी त्यांच्याकडेच जेवले. आमटीभात संपवून काका थांबले, ताटाकडे जरा वेळ पाहत राहिले, उजव्या हाताने काठ धरून ताट स्वतःच फिरवलं आणि काकूंना म्हणाले, "चटणी कारळ्याची केलीस होय?"